तांबड्या अळीचा जीव

अवसरी बुद्रुकसारख्या गावातून मंचरला पदवीच्या शिक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्याला आनुवंशिकी, कीटकविज्ञान आणि जलजीवन हे विषय निरनिराळ्या पुस्तकांतून शिकावे लागत असले, तरी ओढ्याच्या साचल्या गाळात वळवळणाऱ्या एका तांबड्या अळीच्या ठायी ते तिन्ही एकत्र नांदतात. डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या कायरोनॉमस या कीटकाची ही अळी. तिच्या लालाग्रंथींतील गुणसूत्रे इतकी विशाल, की बाल्बियानी या संशोधकाला १८८१ साली त्यांवरील आडवे पट्टे सूक्ष्मदर्शकातून स्पष्ट दिसले. तिचा तांबडा रंग हिमोग्लोबिनचा आहे. आपल्या रक्तातून प्राणवायू वाहून नेणाऱ्या द्रव्याच्याच जातीचे हे द्रव्य तिला त्या गुदमरत्या गाळात जगविते.

ती गुणसूत्रे पाहण्याची रीत मात्र निष्ठुर होती. जिवंत अळी काचपट्टीवरील थेंबात घ्यावयाची, एका सुईने धड दाबून दुसरीने डोके ओढावयाचे, म्हणजे डोक्यामागोमाग दोन पारदर्शक ग्रंथी बाहेर येत. त्या रंगवून काचेखाली अंगठ्याने दाबल्या, की तिच्या वंशाचे सारे दप्तर डोळ्यांपुढे उलगडे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली विच्छेदनास मनाई केली, ती योग्यच होती. परंतु तयार काचपट्टी पाहणाऱ्याला त्या पट्ट्यांमागे एक जीव होता याचे स्मरण कोण देणार? पूर्वी निदान एखाद्याचा हात थरथरे. आता जीव घेण्याचा प्रश्नच वर्गात उपस्थित होत नाही.

असे स्मरण ठेवणारी परंपरा मात्र दूर नाही. मंचरच्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात आळे येथे, ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले असे परंपरा सांगते, त्या रेड्याची समाधी आहे, आणि माणसे तिच्यापुढे मस्तक नमवितात. सर्वांभूती एकच आत्मा पाहणे ही श्रद्धा झाली, आणि अळीच्या अंगी आपल्या रक्तातले द्रव्य सापडणे हा पुरावा झाला. पुराव्याने नाते सिद्ध होते, पण त्या नात्याचे कर्तव्य सांगण्याची सनद त्याच्यापाशी नाही, ती भूतदयेच्या परंपरेकडूनच आणावी लागते. डासही आपला आप्तच, आणि तरी हिवतापाच्या बंदोबस्तासाठी तो मारावा लागतो, ही हरकत खरी आहे. तथापि गरजेपुरते, जाणून मारणारा मनुष्य आणि जीव गेल्याची दखलही न घेणारा मनुष्य यांना धर्म एकाच पंक्तीला बसवीत नाही, असे माझे निश्चित मत आहे.

म्हणून प्राणिशास्त्राच्या शिक्षकांना विनंती एवढीच, की काचपट्टी दाखवून झाल्यावर मुलांना ओढ्याकाठी न्यावे, बशीतल्या पाण्यात ती अळी जिवंत दाखवावी, आणि पाहून होताच तिला त्यांच्याच हातून गाळात परत सोडवावे.