परका आपला केव्हां होतो?

नागपुरांत जरीपटका नांवाची एक वस्ती आहे. १९४७ सालच्या फाळणीनंतर सिंधमधून घरदार टाकून आलेलीं पुष्कळ कुटुंबें येथें वसलीं. संविधानाच्या ६ व्या अनुच्छेदानें त्या वेळच्या निर्वासितांस नागरिक मानिलें. परंतु अनेक वर्षांनीं जे त्यांचेच आप्त पाकिस्तानांतून आले, त्यांस परकीय म्हणून दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहावें लागलें व नागरिकत्वासाठीं अर्ज करावा लागला. बोली एक, बाजार एक, दुःखही एक. पण एकास मत देण्याचा अधिकार आणि दुसऱ्यास मुदत वाढवून घेण्याची चिंता! यावरून असा प्रश्न उद्भवतो कीं, दुसऱ्या देशांत जन्मलेला मनुष्य आपल्यामध्यें कायमचा राहूं लागला, तर तो आपला केव्हां होतो?

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं. १९५५ च्या नागरिकत्व अधिनियमांत अशा मनुष्यासाठीं मुख्यत्वें दोन वाटा आहेत. जो स्वतः किंवा ज्याची आई अथवा बाप अविभक्त भारतांत जन्मला, त्यानें सात वर्षें येथें राहून नोंदणीसाठीं अर्ज करावा. इतरांनीं अर्जापूर्वींचे बारा महिने सलग, आणि त्याआधींच्या चौदा वर्षांपैकीं एकूण अकरा वर्षें येथें काढलेलीं असावीं. वर्तन चांगलें असावें. आणि संविधानाच्या आठव्या अनुसूचींतील एखादी भाषा, जशी आपली मराठी, पुरेशी यावी. शेवटीं पूर्वींचें नागरिकत्व सोडून संविधानाशीं निष्ठेची शपथ घ्यावी लागते. डिसेंबर २०१६ मध्यें पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान येथून आलेल्या सहा समाजांच्या अर्जांचा निर्णय करण्याचा अधिकार कांहीं जिल्हाधिकाऱ्यांस देण्यांत आला. त्यांत नागपूरचे जिल्हाधिकारीही होते.

आतां कोणी म्हणतात, नागरिकत्व हें सरकारचें दान आहे. द्यावें वाटलें तर द्यावें. दुसरे म्हणतात, जो येथें राहिला तो येथला झाला, विचारणा कशाला? आम्हांस दोन्ही मतें अपुरीं वाटतात. गांवांत नवा मनुष्य राहावयास आला, तर तो कोण, कोठला, हें विचारण्याचा गांवास अधिकार आहे. कारण पुढें गांवाच्या बऱ्यावाईटाचा निर्णय तोही करणार. परंतु त्या विचारण्यास कोठें तरी शेवट असला पाहिजे. जो मनुष्य वर्षानुवर्षें आपले कायदे पाळतो, बाजारांत खरेदी करतांना आपल्याप्रमाणेंच कर भरतो, त्यास त्या कायद्यांविषयीं बोलण्याचा अधिकार कधींच न देणें, हा न्याय नव्हे. ओझें वाहणाऱ्यास मसलतींत जागा मिळाली पाहिजे. ज्या चौकशीस अंत नाहीं ती चौकशी नसून शिक्षा आहे.

शिवाय, आपण जे जन्मानें नागरिक, त्या आपण काय केलें? यरुशलेमांतील रोमी सरदारानें पुष्कळ द्रव्य वेंचून आपलें नागरिकत्व मिळविलें होतें, आणि पौलास तें जन्मतःच लाभलें होतें, ही गोष्ट वाचकांस ठाऊक आहे. जें जन्मानें मिळालें त्याचा उपकार मानावा. त्याची बढाई मारूं नये. अर्जदारास भाषा, वर्तन व शपथ विचारतात. आपणांस जन्मतांना कोणीं कांहींच विचारिलें नाहीं.

जुना देश सोडणें ही कृतघ्नता आहे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. मुलगी सासरीं जाऊन तेथील संसार आपला मानते, म्हणून माहेर विसरत नाहीं. व्हेरिअर एल्विन इंग्लंडांत जन्मले, १९२७ सालीं भारतांत आले, मध्य प्रांतांतील गोंड व बैगा लोकांत राहिले, आणि १९५४ सालीं भारताचे नागरिक झाले. शपथ नव्या देशाचीं कर्तव्यें मागते. जुन्याचा द्वेष मागत नाहीं.

मग नकार द्यावयाचा तर कोणत्या कसोटीनें? येथें आपल्याच लोकांचा अनुभव ध्यानांत घ्यावा. सखाराम गणेश पंडित या वकिलांस १९१४ सालीं अमेरिकेचें नागरिकत्व मिळालें. १९२३ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें भगतसिंग थिंड यांच्या खटल्यांत ठरविलें कीं, हिंदुस्थानचा मनुष्य कायद्याच्या अर्थानें गोरा नव्हे, म्हणून तो नागरिक होऊं शकत नाहीं. त्यानंतर पंडितांचें नागरिकत्वही रद्द करण्याचा खटला सरकारनें चालविला. ते लढले, आणि १९२६ सालीं वरिष्ठ न्यायालयानें त्यांच्या बाजूनें निकाल दिला. इतर बहुतेकांस ती वाट १९४६ च्या कायद्यानेंच मोकळी झाली. ज्यांस मनुष्याचें आचरण न पाहतां त्याची जात पाहून दाराबाहेर उभें केलें, त्यांनीं तीच कसोटी दुसऱ्यास लावावी काय?

आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीनें त्या तीन देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदु, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती लोकांसाठीं अकरा वर्षांची अट पांचावर आणिली. तिचे नियम ११ मार्च २०२४ रोजीं निघाले. ज्यांची पायपीट संपली त्यांच्या आनंदांत आम्ही सहभागी आहों. परंतु आपलें नांव यादींत आहे एवढ्यावरून, यादीबाहेरील गांजलेल्याची गरज कमी आहे असें आपण समजूं नये.

वाचकहो, अर्जासोबत अर्जदाराच्या वर्तनाविषयीं भारतीय नागरिकाचें प्रतिज्ञापत्र लागतें. तुमच्या ओळखीचा असा मनुष्य कागद घेऊन दारीं आला, तर त्यास तो वाचून दाखवा. जें ठाऊक नाहीं त्यावर सही करूं नका. पण जें ठाऊक आहे तें लोक काय म्हणतील या भीतीनें लपवूंही नका. कायदा त्यास नागरिक करील तेव्हां करील. शेजारी करून घेणें आजच आपल्या हातीं आहे.