कायदा राज्याचा, जबाबदारी नगराची

शहराच्या कारभारासंबंधी एखादे विधेयक राज्याच्या विधिमंडळात येऊ घातले म्हणजे नगरपालिकेत पहिला प्रश्न निघतो तो असा, की ह्याने आपले उत्पन्न किती घटेल? प्रश्न स्वाभाविक आहे. पण पुरेसा आहे काय? जे नगर स्वतःच्या तिजोरीलाच न्यायाचा तराजू मानते, त्याचा अभिप्राय न्यायाधीशाचा नसून वादीचा होय. उलटपक्षी, राज्य वरिष्ठ, म्हणून त्याचा शब्द शिरसावंद्य, असे समजून जे नगर मुकाट्याने मान डोलावते, ते आपल्या रहिवाशांचे वकीलपत्र घेऊनही ऐनवेळी गैरहजर राहते. ह्या दोहोंतून मार्ग कोणता, एवढाच येथे विचार करावयाचा आहे.

अधिकाराच्या दृष्टीने नगराची बाजू लंगडी आहे, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. मुंबई महानगरपालिका 1888 च्या ज्या कायद्याने चालते, त्याच्या घडणीत फिरोजशहा मेहतांचा मोठा वाटा होता. तथापि तो कायदा विधिमंडळाचा, आणि विधिमंडळ तो बदलूही शकते. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनेत स्थान मिळाले व बाराव्या अनुसूचीत 18 विषय नोंदले गेले. पण ते सोपवावयाचे की नाहीत, हे ठरविणे राज्याच्याच हाती राहिले. सारांश, नगराजवळ नकाराधिकार नाही. आहे तो केवळ युक्तिवाद. आणि ज्याच्या हाती युक्तिवादावाचून दुसरे साधन नाही, त्याने तो निःस्वार्थ राखणे हा त्याचा धर्म आहे, आणि त्यातच त्याचे हितही आहे.

मुंबईच्या जकातीचे उदाहरण घ्या. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला आणि वर्षाला सुमारे 7,000 कोटी रुपये देणारी जकात गेली. मुलुंड, दहिसर येथील नाक्यांवर तिष्ठणाऱ्या मालमोटारींचा विचार केला, तर हा बदल व्यापाराच्या सोयीचाच होता. नुकसानभरपाईसाठी राज्याने कायदा केला आणि तीत दरसाल 8 टक्क्यांच्या वाढीची तरतूदही केली. नुसत्या जमाखर्चाने पाहणाऱ्यास येथे तक्रारीला जागा दिसणार नाही. पण स्वतः मिळविलेला रुपया आणि दुसऱ्याने महिन्याच्या महिन्याला पाठविलेला रुपया ह्यांची किंमत बाजारात सारखी असली, तरी मिळविणाऱ्याच्या कण्यावर होणारा त्यांचा परिणाम सारखा नसतो. तेव्हा जकात जाण्याला विरोध करणे चुकीचे ठरले असते. तिच्या जागी स्वतःच्या हक्काचे साधन मागणे मात्र योग्यच होते.

दुसरे उदाहरण ह्याच्या उलट जातीचे. जानेवारी 2022 मध्ये राज्य सरकारने मुंबईतील 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता करातून संपूर्ण सूट देण्याचा निर्णय केला. लहान घरात राहणाऱ्याचा भार हलका व्हावा, हा हेतू स्तुत्यच आहे. परंतु हा कर राज्याचा नव्हे, पालिकेचा. ज्या रस्त्यांची, गटारांची व दवाखान्यांची तरतूद त्यातून व्हावयाची, ती तशीच पालिकेच्या शिरावर राहिली. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याला दान म्हणत नाहीत! येथे एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. त्या वेळी मुख्यमंत्री आणि पालिकेतील सत्ताधारी एकाच पक्षाचे होते, आणि हे आश्वासन 2017 च्या पालिका निवडणुकीतच दिले गेले होते. म्हणजे हलवायाची संमतीच होती! पण जेथे देणारा आणि ज्याचे जाते तो, हे दोघे एकाच पंगतीला बसलेले असतात, तेथे उद्या गटार कोणी उपसावयाचे हा प्रश्न विचारणारा उरत नाही. मतैक्य आणि विचार ह्या दोन भिन्न वस्तू आहेत.

ह्यावरून निदान दोन कसोट्या हाती लागतात. पहिली ही, की कायद्याचा भार रहिवाशावर पडतो की केवळ कचेरीच्या अधिकारावर? दुसरी ही, की सेवेची जबाबदारी एकाच्या माथी आणि तिचे साधन दुसऱ्याच्या मुठीत, असे होते काय? परंतु तिसरी कसोटी ह्या दोहोंहून कठीण आहे: जो न्याय आपण राज्यापाशी मागतो, तोच आपल्याहून दुर्बलाने आपल्यापाशी मागितला तर आपण देऊ काय?

मुंबईची तहान भागविणारे तानसा आणि भातसा हे जलाशय ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात आहेत. आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. उद्या राज्याने असा कायदा आणला, की धरणाचे पाणी प्रथम धरणाकाठच्या माणसाला मिळावे, तर मुंबई काय अभिप्राय देईल? हा आमच्या सेवेवर आघात आहे, असे ती म्हणेल, आणि आकडेही बिनचूक देईल. पण स्थानिकांचा हक्क, जो ती जकातीच्या वेळी स्वतःसाठी मागू शकत होती, तोच येथे तिच्यासमोर रिकामा हंडा घेऊन उभा असेल.

स्वायत्तता हे तत्त्व असेल, तर ते शहराच्या वेशीपाशी संपत नाही. आणि तेथे संपत असेल, तर ते तत्त्व नव्हे, केवळ सोय होय. राज्याच्या विधेयकावर मत देताना नगराने प्रथम शहापूरच्या पाड्यावरून त्याकडे पाहावे. तेथून पाहिल्यावरही जो आक्षेप टिकेल, तो विधिमंडळापुढे निःशंकपणे मांडण्याचा अधिकार त्याला खचित आहे.