गुडघ्यांवर तिघे

या. एका रिकाम्या खोलीच्या दाराशी थांबा.

घाई नाही. श्वास येऊ द्या. जाऊ द्या.

खोली पॅरिसमधली आहे. साल १८७५.

समोरच्या भिंतीत खिडकी आहे. खिडकीबाहेर बाल्कनीचा नक्षीदार लोखंडी कठडा. उजेड तिथून आत येतो आणि जमिनीला धरून आपल्या पायांपर्यंत पोचतो.

त्या उजेडाबरोबर नजर सावकाश पुढे जाऊ द्या.

तिघे जण गुडघ्यांवर आहेत. कमरेच्या वर उघडे. लाकडी जमीन तासत आहेत.

हे गुस्ताव्ह कायबोतचं चित्र. तो इम्प्रेशनिस्ट चित्रकारांपैकी. इम्प्रेशनिस्ट म्हटलं की आपल्याला तळ्यातली कमळं आठवतात. ती आज राहू द्या.

जमिनीच्या पट्ट्या बघा. एक काळपट, जुन्या वार्निशने चकाकणारी. तिच्या शेजारची तासलेली, फिकी, कोरडी. पुन्हा काळपट. पुन्हा फिकी.

एकच पट्टी निवडा. तिच्यावर थांबा.

हत्यार दोन्ही मुठींत. हात लांब पसरतात. पाठीवर उजेड सांडतो, खांद्याचं हाड वर येतं.

श्वास घ्या. सोडा.

आता कान द्या. लाकडावरून पातं सरकतं आहे. थांबतं. पुन्हा सरकतं.

जमिनीवर सालपटं पडली आहेत, गोल वळलेली. कठड्याची नक्षीही तशीच वळलेली आहे. नजर एका वळणावरून दुसऱ्या वळणावर जाऊ द्या. परत येऊ द्या.

डावीकडचा माणूस हात लांबवून कानस घेतो आहे. धार गेली असेल.

बाकीच्या दोघांची डोकी एकमेकांकडे कलली आहेत. काही बोलत असावेत. उजव्या कडेला वाइनची बाटली आणि एक ग्लास.

त्या बोलण्यापाशी जरा थांबा. ऐकू आलं नाही तरी चालेल.

बाहेर शहर बदलतं आहे. शहराची फेररचना करणाऱ्या ओस्मानने जुने गल्लीबोळ पाडून रुंद रस्ते काढले. त्यांच्या कडेला नवी घरं उभी आहेत, चकचकीत जमिनींची. शेतात राबणारा माणूस चित्रांत आला होता, चित्रकार मिलेने त्याला आणलं होतं. शहरातल्या घरात घाम गाळणारा क्वचितच दिसे.

सलाँ या पॅरिसच्या अधिकृत कलाप्रदर्शनाच्या परीक्षकांनी हे चित्र नाकारलं. पुढच्या वर्षी, १८७६ मध्ये, ते इम्प्रेशनिस्टांच्या दुसऱ्या प्रदर्शनात लागलं. तिथेही काहींना विषय हलका वाटला.

तो वाद पुन्हा कधी. आता फक्त बघा.

जमीन आपल्याकडे किंचित कलल्यासारखी वाटते का? चित्रकार उभा आहे, वरून बघतो आहे. तो श्रीमंत घरातला. ही खोली त्याच्याच घरातली, असं मानतात. काम करणारे खाली, मालक वर. त्याने ते अंतर लपवलं नाही, आणि मला या चित्रात तेच सगळ्यांत प्रामाणिक वाटतं.

आपणही उभेच आहोत. हे जाणवू द्या.

जमत असेल तर आता खाली बसा. गुडघे टेका. तळवे जमिनीवर ठेवा. हात पुढे सरकवा, जातील तितके. मागे आणा.

पुन्हा पुढे. पुन्हा मागे.

पाठ कुठे बोलते आहे?