शरणपूरची मुले आणि रंगाचे माप

त्वचेचा रंग मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे ठरतो आणि त्याचे प्रमाण आनुवंशिकतेवर व उन्हावर अवलंबून असते, एवढे जीवशास्त्र शाळेत शिकवले जाते. पण कोणता रंग सुंदर मानायचा, हे मूल त्याच्या कितीतरी आधी घरात शिकलेले असते. गरोदर सुनेला केशराचे दूध आग्रहाने पाजणारे, नवजात बाळाच्या कानाची पाळी पाहून ते पुढे किती उजळेल याचा अंदाज बांधणारे आणि त्याला डाळीचे पीठ व साय चोळणारे घर बहुधा प्रेमळच असते, आणि म्हणूनच त्या घराने दिलेला धडा मुलाला खोटा वाटत नाही. एकाच समाजात, एकाच जातीत, किंबहुना सख्ख्या भावंडांतही त्वचेच्या छटेवरून केल्या जाणाऱ्या या भेदाला समाजशास्त्रात ‘कलरिझम’ म्हणतात. वंशभेदाशी त्याचे नाते आहे, परंतु त्याला परका माणूस लागत नाही.

ज्यांचा विठ्ठल सावळा आणि ज्यांच्या नाशिकच्या पंचवटीतला राम काळ्या पाषाणाचा, त्या समाजाला रंगाचे वावडे कसे असेल, असा युक्तिवाद महाराष्ट्रात नेहमी ऐकू येतो. तो टिकत नाही. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली त्याच रामाच्या काळाराम मंदिरात अस्पृश्य मानलेल्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला आणि तो पुढे काही वर्षे चालला, तरी ती दारे उघडली नाहीत. अस्पृश्यता जन्मावर उभी होती, रंगावर नव्हे, हे खरे. तरीही मूर्तीला वाहिलेला आदर माणसापर्यंत आपोआप पोहोचत नाही, एवढे त्या दारांनी सिद्ध केले.

याच नाशिकने कृष्णवर्णीय आफ्रिकी मुलेही पाहिली आहेत, आणि शहराच्या स्मरणातून ती जवळजवळ पुसली गेली आहेत. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश आरमार हिंदी महासागरात गुलामांची वाहतूक करणारी अरब गलबते पकडत असे. त्यांतून सुटलेल्या मुलांपैकी अनेकांना मुंबईत उतरवून नाशिकजवळच्या शरणपूर येथे, चर्च मिशनरी सोसायटीने 1850च्या दशकात वसवलेल्या ख्रिस्ती वसाहतीत, पाठवले गेले. तिथे ती लिहावाचायला आणि सुतारकाम, लोहारकाम यांसारखे हुन्नर शिकली. मिशनने त्यांना नवी नावे दिली, त्यांच्या योग्यतेचे मापही मिशनचेच होते. तेव्हा त्या वसाहतीला आदर्श म्हणता येणार नाही. तथापि त्या मुलांनी पुढे जे केले ते त्यांचे स्वतःचे होते. विल्यम जोन्स आणि जॉर्ज डेव्हिड मोंबासाच्या परिसरात जाऊन शिक्षक व धर्मोपदेशक झाले. जेकब वेनराइट हा तरुण डेव्हिड लिव्हिंग्स्टन या संशोधक-प्रवाशाच्या मृत्यूच्या वेळी, 1873 साली, आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी त्याच्या तुकडीत होता. त्याने तिथल्या झाडावर स्मृतिलेख कोरला, सोबत्यांसह ते शव सुमारे दीड हजार किलोमीटर चालत किनाऱ्यापर्यंत नेले, त्या प्रवासाची रोजनिशी लिहिली आणि 18 एप्रिल 1874 रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतील अंत्यविधीत शवपेटीच्या मानकऱ्यांत तो उभा होता. इंग्रजी ग्रंथांत या मुलांना ‘नासिक बॉइज’ म्हटले जाते. शरणपूर रोडवरून रोज शाळेला जाणाऱ्या मुलांना मात्र त्यांतले एकही नाव सहसा ठाऊक नसते.

अशा नावांचे मोल किती, हे अमेरिकेत केनेथ आणि मॅमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने 1940च्या सुमारास केलेल्या बाहुल्यांच्या प्रयोगावरून कळते. तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे गोरी आणि तपकिरी बाहुली ठेवून ‘चांगली कोणती’ असे विचारले, तेव्हा बहुतेकांनी गोरीकडे बोट केले; आणि ‘तुझ्यासारखी कोणती’ या प्रश्नावर काही मुले रडू लागली. शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवणाऱ्या 1954च्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या संशोधनाची दखल घेतली. त्या मुलांना स्वतःवर प्रेम करायला कोणी शिकवले नव्हते, असे त्यांचे दुखणे सांगणे अपुरे आहे. भोवतालचे जग त्यांना दररोज उलट शिकवत होते.

बाजार हे शिक्षण पक्के करतो. 1975 साली भारतात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’चे नाव 2020 मध्ये ‘ग्लो अँड लव्हली’ झाले, पण उजळण्याची ओढ कायम राहिली. त्वचा पातळ करणारी स्टेरॉइडयुक्त मलमे 2018 पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई झाली, कारण ती गोरेपणासाठी सर्रास चोळली जात होती. ‘रंग माझा वेगळा’ या लोकप्रिय मराठी मालिकेने सावळ्या नायिकेची व्यथा घरोघरी नेली, हे तिचे श्रेय आहे. मात्र त्या भूमिकेसाठी अभिनेत्रीचा वर्ण रंगभूषेने गडद करण्यात आला, आणि जन्मतः सावळ्या मुलीला पडद्यावर स्वतःसारखी मुलगी त्याही वेळी दिसली नाही.

म्हणून ‘स्वतःवर प्रेम कर’ हा उपदेश एकट्या मुलाच्या खांद्यावर टाकणे अन्यायाचे आहे. आठ वर्षांच्या मुलीने आजीच्या उसाशाशी, वर्गातल्या टोपणनावाशी आणि जाहिरातीशी एकटीने लढावे, ही अपेक्षा तिच्या वयाला पेलणारी नाही. स्नेहसंमेलनात राधा गोरीच आणि राक्षस काळाच निवडणाऱ्या शिक्षकांनी ती निवड यंदा बदलावी, घरच्या वडीलधाऱ्यांनी मुलांदेखत रंगाची तुलना थांबवावी, आणि नाशिकच्या शाळांनी स्थानिक इतिहासाच्या तासाला जेकब वेनराइटचे नाव फळ्यावर लिहावे.