उसना ताल

शेजारून वाटीभर साखर मागून आणली तर ती उसनी, न विचारता आणली तर चोरी आणि साता समुद्रांपलीकडून ताल आणला तर प्रेरणा! शब्दांची ही सोय आणणाऱ्यानेच करून ठेवली असावी, असा माझा दाट संशय आहे.

आफ्रिकेत बुरुंडी नावाचा चिमुकला देश आहे. तिथल्या भाषेत ढोलाला 'इंगोमा' म्हणतात आणि राज्यालाही 'इंगोमा'च. तेव्हा ढोल बडवणं हे तिथे येऱ्यागबाळ्याचं काम नव्हे. झाडाचं खोड कोरून केलेले ते ढोल राजाचे. वाजवणारी घराणी ठरलेली. १९६६ साली राजेशाही गेली, ढोल राहिले. दुसऱ्याच वर्षी फ्रेंच मंडळींनी ते वादन ध्वनिमुद्रित करून नेलं. अभ्यासासाठी हो! इथवर सगळं सोज्वळ. पण १९७१ साली त्याच वादनावर पियानो-गिटार चढवून 'बुरुंडी ब्लॅक' नावाची तबकडी निघाली आणि खपली. १९७५ साली जोनी मिचेलने तेच ढोल आपल्या गाण्याखाली अंथरले. तिने निदान वेष्टनावर बुरुंडीचं नाव छापलं. देशाचं हं, माणसांचं नाही. आणि १९८० साली इंग्लंडातल्या 'ॲडम अँड द अँट्स'ने नाकावरून पांढरा पट्टा ओढून, दोन-दोन ड्रमर बसवून त्याच थाटाच्या ठेक्यावर रॉक गाजवलं.

कायद्याला चाल कळते, शब्द कळतात, सही तर फारच चांगली कळते. ठेका कळत नाही. कायद्याला बापाचं नाव लागतं. या ठेक्याला सगळे आजे-पणजेच!

नाव असलं म्हणजे भागतं असंही नाही. सॉलोमन लिंडा या झुलू गायकाने १९३९ साली जोहान्सबर्गमध्ये स्वतःचं गाणं मुद्रित केलं आणि हक्क किरकोळ रकमेत देऊन टाकले. १९६२ साली तो वारला तेव्हा त्या गाण्याचा इंग्रजी अवतार जगभर गाजत होता आणि लिंडाचा खिसा रिकामा होता. मुलींच्या पदरात तडजोडीचे पैसे पडले ते २००६ साली.

आता तुम्ही म्हणाल, आपल्या कीर्तनातली पेटी तरी कुठली? युरोपातलीच ना? तिचं भाडं कुणी पाठवलं? खरं आहे. कानात बोळे घालून कुणी संगीतकार झालेला नाही. पण पेटीवाले पेटीची किंमत रोख मोजून घेऊन गेले होते. शिवाय माझं भांडण नेण्याबद्दल नाहीच, भांड्याबद्दल आहे. आपल्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत. चिमूटभर साखर तरी घालतात. इथे साखर राहू द्या, भांडंही परत आलं नाही.

२०१४ साली युनेस्कोने बुरुंडीचं हे ढोलवादन मानवजातीचा वारसा म्हणून आपल्या यादीत घातलं. मानवजातीचा, म्हणजे सगळ्यांचाच. ते तर अँट्सवाले १९८० सालापासूनच धरून चालले होते.