पासबुक दाखवा

सोसायटीच्या वार्षिक सभेत एका आजोबांनी हात वर केला. "ताळेबंद छान आहे. बँकेचं पासबुक बघायला मिळेल का?" खजिनदारांचा चेहरा उतरला. "काका, आमच्यावर विश्वास नाही का?" आजोबा ओशाळून खाली बसले. चहा आला, विषय संपला. हिशेब चोखच असणार. पण त्या दिवशी आम्हा सगळ्यांना आजोबाच आगाऊ वाटले, हे मला अजून टोचतं.

'सत्यम कॉम्प्युटर्स' या सॉफ्टवेअर कंपनीत हाच प्रश्न वेळेवर विचारला गेला नाही. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबूल केलं, की ताळेबंदातली ५,०४० कोटींची रोख व बँक शिल्लक मुळात नाहीच. सुरुवातीची तफावत लहान होती. ती झाकता झाकता वाढत गेली. जेमतेम चार महिन्यांपूर्वी कंपनीला उत्तम कारभाराचं पारितोषिक मिळालं होतं. लेखापरीक्षकांनी शिल्लक बँकांकडून थेट पडताळून न घेता कंपनीनेच दिलेली पत्रं मान्य केली, हे पुढे अमेरिकी नियामकांच्या चौकशीत उघड झालं.

कबुली हातात होती, तरी खटल्याला सहा वर्षं लागली. फोडलेल्या कुलुपाचा पंचनामा तासाभरात उरकतो. इथे मात्र सीबीआयला सात हजारांहून अधिक खोटी बिलं आणि मुदत ठेवींच्या बनावट पावत्या धुंडाळाव्या लागल्या. कागद कुणी बनवला, सही कुणाची, कुणाला ठाऊक होतं, हे एकेक करून सिद्ध करायचं होतं. अखेर ९ एप्रिल २०१५ रोजी हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजूंसह दहा जणांना दोषी ठरवून सात वर्षांची शिक्षा सुनावली. त्यांत लेखापरीक्षकही होते. महिना-सव्वा महिन्यात अपिलात शिक्षेला स्थगिती मिळाली, जामीनही झाला.

एवढ्या खटाटोपानंतर जे कोर्टापुढे आलं, त्यातलं बरंचसं बँकेला थेट पाठवलेल्या एका पत्राने कळलं असतं. ते पत्र पाठवणं कुणाला अविश्वासाचं वाटलं असेल, कुणाला गैरसोयीचं. आपल्याकडे भिडेपोटी न विचारलेल्या प्रश्नांची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. तपास अधिकाऱ्यालाही ती सापडत नाही.

यंदाच्या सभेत आजोबा बोलतील असं वाटत नाही. खजिनदार माझे जुने स्नेही आहेत. म्हणूनच पासबुक मागायची पाळी माझी.