दुसरी शस्त्रक्रिया आणि संयमाचा प्रश्न

चरकसंहितेच्या विमानस्थानात जठराचे तीन भाग कल्पून एक घन अन्नासाठी, एक द्रवासाठी आणि एक वात, पित्त व कफ यांच्यासाठी राखावा असे सांगितले आहे. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत, म्हणजे जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून उरलेल्याची अरुंद नळी करण्याच्या शस्त्रक्रियेत, ही मोकळी जागाच आक्रसते, आतला दाब वाढतो आणि अनेकांच्या बाबतीत आम्ल अन्ननलिकेत चढते. अशा रुग्णाला असंयमाचा दोष देणे चुकीचे, किंबहुना क्रूर आहे. औषधांनी दाह शमला नाही, तर दुर्बिणीने तपासून बहुधा गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे जठराचा छोटा कप्पा थेट लहान आतड्याला जोडणे, सुचवले जाते. शरीराला धर्मसाधन मानणाऱ्या परंपरेत हा निर्णय साधनेचाच भाग ठरतो, मात्र त्यानंतर जीवनसत्त्वे आयुष्यभर घ्यावी लागतात.